फ्रान्स: टॉरेंटमुळे घरमालकिणीला मेल आला, नेट तोडतील का?

ल्योनकर
मंडळी मी ल्योनला शिकायला आहे, एका आजींच्या घरी खोली घेऊन राहतो आणि वायफाय त्यांच्याच नावावर आहे. काल त्यांना सरकारी मेल आला की तुमच्या कनेक्शनवरून सिनेमा बेकायदा शेअर झालाय. केलं मीच, पुण्यात हॉस्टेलवर लागलेली सवय, रात्री टॉरेंट (लोकांच्या कॉम्प्युटरवरून थेट फाइल उतरवायची पद्धत) लावून झोपलो. आजी फार घाबरल्यात, नातवंडांचे व्हिडिओ कॉल, डॉक्टरची अपॉइंटमेंट सगळं त्याच नेटवर. मैत्रिणीने त्यांना सांगितलंय की तीनदा सापडलं की नेट कापतात. खरं आहे का?

पॅरिसचा दादा
नाही, आता कापत नाहीत. मैत्रीण सांगतेय तो २००९ चा आदोपी कायदा, राष्ट्राध्यक्ष सार्कोझींच्या काळातला, बेकायदा डाउनलोड रोखायला केलेला. आधी मेल, मग सहा महिन्यांत परत सापडलात तर मेल आणि रजिस्टर पत्र, आणि त्यानंतर वर्षभरात तिसऱ्यांदा सापडलात की प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. मूळ मसुद्यात तर कोर्टाचीही गरज नव्हती, सरकारी संस्थाच नेट तोडणार होती. पण जून २००९ मध्ये तिथल्या संविधान परिषदेने ते उडवलं, म्हणाले अभिव्यक्ती स्वातंत्र्यात नेट वापरणंही आलं आणि हे काम न्यायाधीशाचं. मग जास्तीत जास्त महिनाभर तोडायचा अधिकार कोर्टाला दिला, तोही जुलै २०१३ मध्ये काढून टाकला. दंड मात्र आहे, १५०० युरोपर्यंत. हा कायदा राबवणारी आदोपी संस्था २०२२ पासून आर्कॉम या सरकारी संस्थेत विलीन झाली, आजींना मेल तिथूनच आला असणार.

आणि टॉरेंट लावून झोपू नकोस रे, डाउनलोड होताना तुझ्याकडून अपलोडही होत असतं आणि आयपी, म्हणजे कनेक्शनचा नंबर, नेमका तिथेच टिपतात.

नागपूरची मेघा
यातली खरी गोची वेगळी आहे. कोणी डाउनलोड केलं हे बघतच नाहीत, कनेक्शन ज्याच्या नावावर त्याने ते नीट सांभाळलं नाही हाच गुन्हा. २०१२ मध्ये पहिली शिक्षा झाली ती बेल्फोर भागातल्या एका माणसाला, गाणी बायकोने उतरवली होती, तिने कबूलही केलं, तरी १५० युरो दंड त्यालाच! म्हणजे तुझ्या चुकीचं पत्र, दंड सगळं आजींच्या नावावर येणार. मला हे अजिबात पटत नाही, चूक एकाची आणि दंड दुसऱ्याला, हा कसला न्याय. तू आजच जाऊन त्यांना सांग.

ऑकलंडहून
न्यूझीलंडमध्येही असंच झालं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत लोकांनी निषेध म्हणून प्रोफाइल फोटो काळे केले, नुसत्या आरोपावर नेट तोडायचं कलम सरकारला मागे घ्यावं लागलं. २०११ ला नवा कायदा आला, तीन नोटिसा आणि मग लवादापुढे १५ हजार डॉलरपर्यंत दंड, पण प्रत्येक नोटिशीचे २५ डॉलर तक्रार करणाऱ्या कंपनीने भरायचे. मला हे बरं वाटतं, फुकटात कोणावरही आरोप करता येत नाही.

मी एडिटिंग करतो
नेट तोडणं चूकच. पण भावा, मराठी सिनेमा रिलीज झाल्या दिवशी टेलिग्रामवर आलेला बघितलाय मी, आमचे उरलेले पैसे त्यानंतर कधी आलेच नाहीत. तेवढं लक्षात ठेव.

ल्योनकर
आजींना सांगितलं आत्ता. रागावल्या नाहीत, पण गप्प बसल्या थोडा वेळ, ते जास्त लागलं. टॉरेंटचं सॉफ्टवेअर काढून टाकलंय. पुढे दंड आलाच तर मी भरणार हे त्यांना लिहून दिलंय.