ग्रीनस्ट्रीटची जाडी आणि अभिनय

'सिडनी ग्रीनस्ट्रीटची नुसती जाडी कामाला आली, अभिनय कुठे होता' असं या इंग्लिश नटाबद्दल कुणीतरी लिहिलंय ते काही पटलं नाही. 'द माल्टीज फाल्कन' या हॉलीवूडच्या सिनेमात कॅमेरा खालून लावून त्याचं पोट पडदाभर दाखवलंय, पोटावर लोंबणारी घड्याळाची साखळीही दिसते, हे खरं. पण नजर टिकते ती त्याच्या बोलण्यावर. गोड बोलत, मध्येच खिदळत तो समोरच्याला कसा घोळात घेतो ते बघा!

हा त्याचा पहिलाच सिनेमा, 1941 चा. वय 61! त्याआधी 1902 पासून तो रंगभूमीवर होता. आणि त्याच्याही आधी हा गडी सिलोनला चहाच्या मळ्यात नशीब काढायला गेला होता. दुष्काळाने तिथला डाव मोडला आणि स्वारी इंग्लंडला परतली. सिनेमात जेमतेम आठ वर्षं टिकला.