मदत हवी आहे : किट कारचं ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खोल जातंय

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये असतो. गाडी डटन फेटन, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडायची किट कार, फोर्ड एस्कॉर्ट मार्क 2च्या सामानावर बांधलेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही. बारा वर्षं गॅरेजमध्ये उभी होती. इंजिन चालू झालंय, चासीचा गंजही काढला. अडलंय ते ब्रेकवर.

पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला टेकतं, लगेच पुन्हा दाबलं की वर येतं आणि कडक होतं. दाबून धरलं तर खाली सरकत नाही, म्हणून मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) संशय नाही. तोही नवाच आहे.

व्हील सिलिंडर, रबरी होज, शूज (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या), डॉट 4 ब्रेक ऑइल सगळं नवीन घातलंय. गळती कुठेच नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा तीनदा काढली. मागच्या होजला क्लॅम्प लावला की पेडल पहिल्याच दाबाला दगडासारखं लागतं, म्हणजे दोष मागेच. हँडब्रेकची केबल सैल करून पाहिली, फरक शून्य.

ड्रम उघडल्यावर एक गोष्ट खटकली. नव्या शूजवर घासल्याची खूण फक्त मध्यभागी, अंगठ्याएवढी. दोन्ही टोकं कोरी. ड्रम जुनेच आहेत, कडेला नखाला लागेल एवढी धार आलीय.

गाडीच्या वयामुळे एमओटीतून (इथली सक्तीची वार्षिक वाहन तपासणी) सूट मिळू शकते, पण तपासणी करून घेतल्याशिवाय मी मुलांना या गाडीत बसवणार नाही.

ड्रम झिजून मोठे झालेत की ऑटो अ‍ॅडजस्टरचे (शूज आणि ड्रममधलं अंतर आपोआप कमी ठेवणारा भाग) दातेच पुढे सरकत नाहीयेत, हे नवे ड्रम घेण्याआधी घरच्या घरी कसं ओळखायचं?