पुण्यात नवीन आलोय: टेकडी, घाट आणि ऑफिस, तिन्हीला चालेल अशी एमटीबी (माउंटन बाइक) कोणती?

विदर्भी_हायब्रिड

नमस्कार मंडळी. नागपूरहून बदली होऊन कोथरूडला आलोय. तिकडे ७०० x ३५ टायरच्या हायब्रिडवर सगळं भागायचं, कारण चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, बस. तीच सायकल वेताळ टेकडीवर नेली तर उतारावर पुढचं चाक सुट्या खड्यांवरून घसरतं आणि चढाला मागचं जागच्या जागी फिरतं. म्हणून एमटीबी शोधून राहिलो आहे.

उंची ५ फूट ८, वजन ७४ किलो, बजेट ७० हजार. आठवड्यातून दोनदा टेकडी, रविवारी सिंहगड नाहीतर मुळशीकडच्या कच्च्या वाटा आणि रोज ऑफिसला जाऊन-येऊन १८ किमी डांबरी. मागेही शॉकअप असलेली घ्यावी का? चाक २७.५ इंची की २९? पुढे पॅडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चकत्या) की एकच? जितकी दुकानं तितकी मतं ऐकून झाली.

मुरूमखडी

मागचा शॉकअप विसरा. या बजेटात मिळतो तो म्हणजे नुसती स्प्रिंग, तिला आवर घालणारं डँपिंग नावाला. प्रत्येक पॅडलला सायकल झोके घेते, सिंहगडाच्या चढावर बरीच ताकद त्यातच जाते. पावसाळ्यात सांध्यांच्या बुशांमध्ये चिखल शिरून वर्षभरात खडखडाट सुरू होतो तो वेगळाच. त्याच पैशात चांगली हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली) येते.

टेकडीवर मोठ्या उड्या नाहीत. खाली सलग काळा दगड आणि त्यावर सुटा मुरूम, ही तिथली खरी अडचण. तिथे पकड टायर देतो आणि चाक जमिनीला चिकटवून ठेवतो पुढचा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप. तेव्हा पैसे फोर्कवर घाला: १०० ते १२० मिमी दबणारा, हवेचा, रिबाउंडचा (दबून परत उसळण्याचा वेग लावायचा) नॉब असलेला. स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कच्या नळ्या बहुधा २८ मिमीच्या असतात. ब्रेक दाबला की त्या वाकतात, आणि रिबाउंड लावता येत नसल्यामुळे दगडावरून उतरताना हँडल उसळतं. हवेचा फोर्क वजनाप्रमाणे लावता येतो. पाण्याच्या पिशवीसकट सायकलवर बसा, फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सरकवा, न उसळता उतरा. १२० च्या फोर्कला रिंग २४ ते ३० मिमी वर गेलेली हवी. जास्त गेली तर हवा वाढवा. त्यासाठी शॉक पंप लागतो. टायरच्या पंपाने हे काम करू नका.

चाक २९. दगडांच्या पायऱ्यांवरून ते अडखळत नाही, आणि तुमच्या उंचीला मीडियम फ्रेममध्ये नीट बसतं. सव्वापाच फुटांच्या आतल्यांनी २७.५ बघावं.

फ्रेममध्ये दोन गोष्टी बघा, कारण बाकी सगळं पुढे बदलता येतं, हे नाही. पुढची नळी टेपर्ड हवी, म्हणजे खाली रुंद. सरळ, बारीक नळी असली तर उद्या फोर्क बदलताना निवड फार थोडी उरते. दुसरं, हेड अँगल, म्हणजे त्या नळीचा जमिनीशी कोन, ६६ ते ६८ अंश. ७० च्या पुढे गेलात की खड्या उतारावर आपण हँडलवरून पुढे जाणार असं वाटत राहतं.

चेन_आणि_तेल

फोर्कबद्दल सहमत. गिअरचं मी सांगतो.

पुढे एकच चेनरिंग घ्या. गणित करून बघा: पुढे ३२ दाते, मागे ५१ म्हणजे ०.६३ (आकडा लहान तितका चढ हलका). जुन्या तीन चेनरिंगच्या सायकलीत पुढे २२, मागे ३४ म्हणजे ०.६५. चढाला काहीच गमवत नाही. वरच्या टोकाला ३२-११ वर मिनिटाला ९० पॅडल मारले तर २९च्या चाकाला ताशी ३६ किमी मिळतात, कर्वे रोडच्या गर्दीत त्याहून जास्त कोण देतंय? पुढचा डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा) नाही म्हणजे चिखल साचायची एक जागा कमी, आणि तिथे डाव्या हाताशी पुढे कधी ड्रॉपर पोस्टचा (चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याचा) लिव्हर बसवता येतो.

मागच्या चकत्या म्हणजे कॅसेट (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सरकवून बसवलेली) आहे की चुडीचा फ्रीव्हील (आट्यांनी फिरवून बसवलेला), हे नक्की बघा. सर्वांत लहान चकती १४ दात्यांची असेल तर बहुधा फ्रीव्हील. त्यात चेनच्या बाजूची बेअरिंग बरीच आत असते, त्यामुळे अॅक्सल तिथे आधाराविना राहतो आणि दगडांवर आपटून वाकतो. चाक डुलायला लागलं की लोक स्पोक आवळत बसतात. दोष स्पोकचा नसतोच. ११ची चकती आणि कॅसेट, याखाली उतरू नका.

ब्रेक हायड्रॉलिक. पुढे १८० मिमीची डिस्क, मागे १६० चालेल. सुरुवातीच्या ब्रेकसोबत येणाऱ्या डिस्कवर बऱ्याचदा ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं. त्यावर मेटलचे पॅड लावले तर डिस्क झिजते, आणि रेझिनचे पॅड पावसात, चिखलात झपाट्याने संपतात. पावसाळ्यातही चालवणार असाल तर मेटल पॅड चालणारी डिस्क आधीच बदलून घ्या.

पाषाण_बाजू

सगळे पार्टवर बोलताय, टायर कुणीच नाही. इथे बाभळी आहेत हो! ट्यूबवर फिरलात तर आठवड्याला पंक्चर ठरलेलं. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस-रेडी (ट्यूबशिवाय चालणारे) हवेत, रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिमी. प्रत्येक चाकात १०० ते १२० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव). एप्रिल-मेमध्ये ते दीड-दोन महिन्यांत सुकतं, काटा गेल्यावर कळतं की आत नुसता रबराचा पापुद्रा उरलाय. व्हॉल्व्हची पिन काढून काडी घालून बघत जा.

पुढे २.३५ किंवा २.४, उंच दात्यांचा. मागे २.२५, मधले दाते जवळजवळ असलेला, नाहीतर रोजच्या १८ किमी डांबराला कंटाळाल. २.६ टायरच्या नादी लागू नका. ७४ किलोला पुढे २१-२२ पीएसआय, मागे २४-२५. ट्यूब असेतोवर २८ ते ३० ठेवा, कमी केली तर दगडावर ट्यूब रिमला चेपून सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात.

मुळशीकडे जुलैत काळ्या मातीत उतरू नका, टायर आणि फ्रेम यांच्यात माती भरून चाकच फिरेनासं होतं. टेकडीचा मुरूम पाणी लवकर सोडतो, पण पाऊस थांबल्यावर दगडावर शेवाळ असतं, तिथे वळताना ब्रेक नको. आणि कात्रज-सिंहगड रांग ट्रेकसाठी आहे. कुणी म्हणालं तरी सायकल घेऊन जाऊ नका, खांद्यावर घ्यावी लागेल.

टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे. पाट्या वाचा, पायवाट सोडून नवी वाट पाडू नका, आणि सकाळी ६ ते ८ घंटी लावून हळू चला. मॉर्निंग वॉकवाले काका सायकलला वाट देतात, पण आधी दोन शब्द सुनावून.

विदर्भी_हायब्रिड

आभार मंडळी! दोन सायकली उरल्यात. अ: ३x८ (पुढे तीन, मागे आठ चकत्या), स्प्रिंगचा फोर्क, लॉकआउट (फोर्क दबणं बंद करायची सोय), ५८ हजार. ब: १x१०, ११-४६ कॅसेट, १२० मिमी हवेचा फोर्क, टेपर्ड नळी, पण मागचं चाक साध्या क्विक रिलीजचं (लिव्हरने आवळायची बारीक दांडी), ६९ हजार. ब घेतली तर टायरला पैसे उरत नाहीत.

चेन_आणि_तेल

डोळे मिटून ब. मागे थ्रू-अॅक्सल (आरपार जाणारा जाड अॅक्सल) नाही म्हणजे पुढे भारी चाक घेताना निवड कमी, एवढंच. कॅसेट असलेला हब असेल तर तुमच्या वापराला अडचण नाही. टायर आहेत ते झिजू द्या. रिम ट्यूबलेस-रेडी असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट पुढच्या पगाराला.

पण ३२-४६ म्हणजे ०.७०, हे सिंहगडाला जड जाईल. घेतानाच दुकानदाराला ३०ची चेनरिंग बसवायला सांगा, ०.६५ मिळेल. क्रँक (पॅडलचा दांडा) १०४ बीसीडीचा, म्हणजे चेनरिंगचे बोल्ट १०४ मिमी व्यासाच्या वर्तुळात, असेल तर ३० हीच खालची मर्यादा. बदलल्यावर चेन लोंबत असेल तर एक जोडी कडी काढायला लावा.

घरी आणल्यावर सपाट रस्त्यावर ताशी २०-२५ वरून चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक दाबा, चाक न अडकवता, पुढे-मागे वेगवेगळे वीस-वीस वेळा. त्याशिवाय टेकडी उतरू नका, नवी डिस्क धरत नाही. पहिल्या १०० किमीनंतर क्रँकचे बोल्ट आणि स्पोक दुकानात तपासून घ्या. बहुतेक ठिकाणी ही पहिली सर्व्हिस फुकट असते.