अवघड जागेचं दुखणं: आपापले अनुभव लिहूया का?

रानजाई
परवा रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, मला खाली फार खाजतंय, उद्या डॉक्टरकडे जाऊन येते." नवरा समोर, दीर समोर. दीर आमटी वाढून घेत होते, त्यांनी ती घेतली. नवरा म्हणाला, "गाडी ने, पाऊस आहे." विषय संपला. मी मात्र घास हातात धरून बसले.

मला नववीतला श्रावण आठवला. चिपळूण, शाळा लांब, छत्री असूनही कमरेखाली सगळं चिंब. त्यात पाळी, तेव्हा घडीचं कापड. मांड्यांची आतून सालं निघालेली, जांघेत लाल चट्टे, धड चालता येईना. पीटीच्या बाईंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, पाय मुरगळला. बिचाऱ्यांनी वर्गासमोर मोजा काढायला लावून घोट्याला बाम चोळला, वर क्रेप बँडेज बांधलं. मग ते बँडेज सांभाळत लंगडणं आलं! घरी आईच्या लक्षात आलं तेव्हा "पावडर लाव, आणि बाबांसमोर अशी फाकून चालू नकोस" एवढंच. ओल्यात पावडरचे गोळे झाले, ते वेगळेच टोचायला लागले. आईला दोष नाही देत, तिला तिच्या आईने तेवढंही सांगितलं नसणार.

तर लिहा. खाज, पुरळ, आग, अंगावरून पांढरं जाणं, काहीही. काय झालं, शेवटी काय निघालं, कशाने बरं वाटलं. "माझ्या एका मैत्रिणीला" अशी सुरुवात केलीत तरी चालेल, आम्ही समजून घेऊ.

पोळीभाजी
चांगल्या घोट्याला बँडेज!! ऑफिसात हसतेय, सगळे बघतायत. रात्री लिहिते.

मोगरा_७१
माझ्या एका मैत्रिणीला मधुमेह निघाला. जाऊ दे, मीच ती.

दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जायचं आणि खाज अशी की भाजी निवडतानाही मांडी आवळून बसायचे. केमिस्टकडून तीच ती गोळी, चार दिवस बरं, की पुन्हा पहिले पाढे. शेवटी धाकट्या जावेने ओढत नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, कॅन्डिडा म्हणजे बुरशी आहे म्हणाल्या आणि तिथेच बोट टोचून साखर बघितली. मग एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, ९.४ टक्के. मला ना तहान, ना वजन घटलेलं, काही म्हणजे काही नव्हतं. साखर फार वाढली की लघवीत उतरते, बुरशीला आयतं खाद्य. वर्षातून तीन-चारदा हे होत असेल तर साखर तपासायलाच हवी म्हणे.

गंमत पुढेच. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन सुरू झालं. ते औषधच मुळी साखर लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणजे खाज परत हजर! गोळी मनाने बंद केली नाही, डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी बदलून दिली. कुणाच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असेल आणि खाज सुरू झाली तर सांगायला लाजू नका.

घाईतली_सिस्टर
ड्यूटी संपवून बसमधून टाइप करतेय, शुद्धलेखन बघू नये.

आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाई बीपी तपासायला येते, गोळ्या घेते, उठते, दारापर्यंत जाते, आणि मग वळून "अजून एक होतं" म्हणते. ते 'अजून एक' म्हणजे हेच. आता आम्हीच आधी विचारतो.

अंगावरून थोडं जाणं नॉर्मल आहे गं बायांनो. पाळीच्या मधल्या दिवसांत तार सुटेल असं चिकट जातं, तेही नॉर्मल. दाट पांढरं आणि भयंकर खाज असेल तर बहुतेक बुरशी. पातळ करडं, मासळीसारखा वास, खाज बेताची, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आतल्या जंतूंचा समतोल बिघडणं, असू शकतं, त्यावर बुरशीची गोळी खाऊन काहीही होत नाही, आणि बायका नेमकी तीच खातात. पिवळं-हिरवं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासची, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या एका परजीवीची शंका, त्यात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. पण हे वाचून घरबसल्या ठरवू नका, तपासून घ्या. एकीला दोन्ही एकदम पण असतात.

आणि आत साबण घालू नका. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू लॅक्टिक आम्ल बनवतात, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ३.८ ते ४.५ ठेवतात, त्यावरच सगळं संरक्षण आहे. बाहेरून साधं पाणी बास. टबात जंतुनाशक ओतून त्यात बसणाऱ्या बायकांची भाजलेली कातडी बघितलीय मी. स्टॉप आला.

पुदिना
सिस्टर, तुरटीचं पाणी? सासूबाईंनी बाळंतपणापासून मागे लागून सुरू करवलंय, त्याने "घट्ट राहतं" म्हणे.

घाईतली_सिस्टर
बंद कर आजच. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

वैदर्भी_तडका
आमच्या घरी नायट्यानं मुक्कामच ठोकला होता बाप्पा. नागपूरचा मे महिना, त्यात माझी ती जीन्स. जांघेत गोल चट्टा, कडेनं लाल आणि खवलेदार, मधात साफ. मेडिकलवाल्याला हातानं नुसता इशारा केला, त्यानं न विचारता ट्यूब काढून दिली. दोन दिवसात खाज गायब! वाटलं देवमाणूस आहे. ट्यूब सोडली का दुप्पट पसरे, मग अजून ट्यूब. मागे कमरेपर्यंत गेलं, नणदेला झालं, पोराला झालं.

स्किनच्या मॅडमनं ट्यूब मागितली, मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. क्लोबेटासॉल. म्हणजे जोरदार स्टिरॉइड, सोबत बुरशीचं औषध, सोबत अँटिबायोटिक, सगळी खिचडी. स्टिरॉइडनं खाज दबते, बुरशी मात्र मजेत वाढते. कातडी पातळ होऊन मांडीत आतून गुलाबी-जांभळ्या रेघा पडल्या, त्या आता जाणार नाहीत. २०१८ पासून अशी स्टिरॉइडची क्रीमं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. चिठ्ठी कोण मागते म्हणा!

गोळ्या-मलम बरेच आठवडे चाललं, डाग दिसेनासे झाल्यावरही मॅडमनं बंद करू दिलं नाही. घरातल्या सगळ्यांना एकदम औषध. टॉवेल वेगळे, चड्ड्या गरम पाण्यात, वाळल्या की इस्त्री, शिवणीवर दाबून. पोरगा म्हणे आई, चड्डीला इस्त्री? माझं लग्न आहे का?

पोळीभाजी
माझं लग्न आहे का!! मेले.
हो, लिहायचं होतं. मला शेव्हिंगनंतर पुटकुळ्या यायच्या, प्रत्येक वेळी वाटायचं हा तोच 'तसला' आजार. इंटरनेटवर वाचून रात्र रात्र झोप नाही, आणि सांगणार कुणाला. निघाले काय, तर आत वळलेले केस. डॉक्टर म्हणाल्या, काढायलाच हवेत असं सांगितलं कुणी? कात्रीने बारीक कर. केस असतात ते घर्षणापासून राखायलाच. तेव्हापासून कात्री. एवढंच माझं महाभारत.

अबोली
सासूबाईंचं लिहिते, त्यांना विचारून. वय ६८. रात्री खाजेने उठून बसायच्या आणि आम्हाला सांगायच्या डास चावतात. मी बापडी मच्छरदाणी आणली! एकदा चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा खोलीचं दार लावून विचारलं. खूप रडल्या. तिथली कातडी पांढरी पडली होती, त्यांना वाटत होतं कोड आहे आणि कळलं तर नातीचं लग्न जमायचं नाही.

लायकेन स्क्लेरोसस निघालं. कोड नाही, संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. कातडी पांढरी, पातळ, सुरकुतलेली होते, खाज विशेषकरून रात्री. तसंच ठेवलं तर चिकटून जागा अरुंद होते, आणि थोड्या जणींत पुढे कॅन्सरचा धोका असतो म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायचं. मलम सुरू केलं आणि त्या रात्रभर झोपायला लागल्या. मच्छरदाणी अजून लावतात, सवय झाली म्हणे.

पुदिना
मलम कुठलं गं?

अबोली
क्लोबेटासॉल.

पुदिना
आँ? वर वैदर्भीने त्यालाच शिव्या घातल्यात ना?

वैदर्भी_तडका
मी पण दचकली बाई!

घाईतली_सिस्टर
दोघी बरोबर. लायकेनला तेच मुख्य औषध आहे, वाटाण्याएवढं, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस, आणि मध्येमध्ये तपासणी. नायट्यावर तेच लावलं की सत्यानाश. म्हणून तर आधी कुणीतरी बघायला हवं. इशाऱ्याने दुखणं सांगून औषध मिळत नाही, ट्यूब मिळते.

डोंगरवाट
पुरुष आयडी आहे, लिहिलं तर चालेल ना? बायकोला सारखा त्रास व्हायचा, औषधाने जायचा, परत यायचा. डॉक्टरांनी मला बोलावलं तेव्हा मी बाहेर गाडीत बसून होतो, जायला पाय उचलेना. ट्रायकोमोनास होता. मला काहीच लक्षणं नव्हती, तरी दोघांनी एकदम औषध घ्यायचं आणि संपेपर्यंत लांब राहायचं, असं सांगितलं. घेतलं. परत झालं नाही.

मोगरा_७१
गाडीतून उतरलात हेच खूप झालं भाऊ. आमचे अजून उतरायचेत.

खाकी_कन्या
बंदोबस्तात पॅड बदलायला जागाच नसते. गणपतीत बारा-चौदा तास, जाड पँट, पट्टा, वरून पाऊस. पॅडच्या कडेकडेने दोन्ही बाजूंना लाल पट्टे पडतात. मुंबईत २०११ ला 'राइट टू पी'वाल्या बायकांनी मुताऱ्यांसाठी आवाज उठवला तेव्हा लोक हसले होते. आमचं अजून मोबाइल टॉयलेट कुठे उभं आहे ते शोधण्यातच चाललंय.
माझं चालतं ते सांगते. सुगंधी पॅड बंद. पाळीआधीच जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. घरी आल्यावर पाणी, टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही, आणि रात्री सैल सुती चड्डी. आमची एक हवालदार पाळीचा कप वापरते, मला अजून धीर होत नाही.

लीड्सकर
इथे इंग्लंडात पहिल्यांदा खाज सुटली तेव्हा फार्मसीत गेले. मागे भलीमोठी रांग, मी कुजबुजतेय, फार्मासिस्टने शांतपणे बाजूच्या छोट्या खोलीत नेलं. वय काय, गरोदर आहेस का, आधी झालं होतं का, सहा महिन्यांत कितीदा. मग बुरशीचं औषध, क्लोट्रिमॅझोल दिलं. १६च्या आतलं किंवा ६०च्या वरचं कुणी असेल, गरोदर असेल किंवा सारखं होत असेल, तर देत नाहीत, डॉक्टरकडे पाठवतात. आपल्याकडे निदान पडदा तरी लावा रे एखादा.

निवांत_काकू
साठी ओलांडलेल्यांनी पण लिहायचं ना? लघवीला आग, तपासणी दर वेळी स्वच्छ. जवसं, धने-जिऱ्याचं पाणी, सगळं करून झालं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा कोरडी आणि पातळ होते, त्याची आग ती. इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं क्रीम दिलं, आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. हळूहळू पण नक्की फरक पडला. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांनी मात्र आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे आवर्जून सांगतेय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "या वयात?" म्हटलं, आग वय विचारून लागते का?

मोगरा_७१
काकू, साष्टांग.

पुदिना
अवांतर: चड्ड्या उन्हात कुठे वाळवायच्या? आमच्या सोसायटीत गॅलरीत दर्शनी भागी "अंतर्वस्त्रे" टाकू नयेत अशी नोटीस आहे. सेक्रेटरींचे बनियन मात्र झेंड्यासारखे फडकत असतात. मी आपली ओढणीखाली टाकते, पावसाळ्यात कुबट वास जात नाही.

वैदर्भी_तडका
ओढणी काढ आधी. दमट कपडा म्हणजे बुरशीला आवतनच. ऊन नसेल तर पंख्याखाली, मग इस्त्री. नोटिशीवर लिही, बनियन अंतर्वस्त्र नाही का?

रानजाई
हसून पुरेवाट! लेकीचं सांगायचं राहिलं. संसर्ग वगैरे काही नाही, नवं सुगंधी 'इंटिमेट वॉश' आणलं होतं तिने, त्याची ॲलर्जी. बाटली कचऱ्यात, सौम्य मलम दिलंय, उतरतंय. बिल भरून आली आणि मलाच म्हणाली, तू शेवटचं कधी दाखवलंस?

निवांत_काकू
मग? कधी?

रानजाई
काकू, पुढच्या सोमवारची वेळ घेतलीय.

सायसाखर
पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. अबोली, सासूबाईंचे डॉक्टर कुठले? माझी आई पण रात्रीची उठून बसते, विचारलं तर घामोळं म्हणते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

अबोली
बघितला. नंबर पाठवलाय. बाई आहेत, आणि घाई करत नाहीत. आईंना सांग, पहिल्या दिवशी नुसतं बोलायचं असेल तरी चालतं.