डीसी कॉमिक्स: गॉथमला चारच मालिका द्या, बाकीच्यांना बारा अंक

रात्रपाळी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकतो. मारायला या.

२०२४च्या नोव्हेंबरात डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीचं काय काय येत होतं बघा: बॅटमॅन, डिटेक्टिव्ह कॉमिक्स, बॅटमॅन अँड रॉबिन, नाइटविंग, बॅटगर्ल, कॅटवुमन, हार्ली क्विन, पॉयझन आयव्ही, बर्ड्स ऑफ प्रे, ॲब्सोल्यूट बॅटमॅन. एवढं सगळं एका शहराच्या, बॅटमॅनच्या गॉथमच्या जिवावर. अंकामागे चार-पाच डॉलर धरा. नव्या वाचकाने सुरुवात कुठून करायची? आणि जुन्याने पगार कुठवर पुरवायचा?

माझ्या हातात कारभार आला तर महिन्याला पंचवीस मालिका, त्याच्या वर एकही नाही. दहा कायमच्या: गॉथमच्या चार (बॅटमॅन, डिटेक्टिव्ह, नाइटविंग आणि एक फिरती जागा), सुपरमॅनच्या दोन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न आणि जस्टिस लीगची एकेक. उरलेल्या पंधरा जागांवर बारा अंकांच्या गोष्टी. मुखपृष्ठावर ठळक छापायचं, ‘१२ पैकी ५’. गोष्ट संपली की जागा पुढच्याला.

लेखक टॉम किंग आणि चित्रकार मिच गेराड्सचं मिस्टर मिरॅकल आठवा (२०१७ ते २०१९). तो कोण, कुठला, मला काहीही माहीत नव्हतं. पानावर नऊ सारख्या चौकटी, घरातलं साधं बोलणं चाललंय आणि मधेच एक चौकट काळीकुट्ट, त्यात फक्त ‘डार्कसाइड इज’ (डार्कसाइड म्हणजे डीसीचा महाखलनायक). दोन-तीन पानांनी पुन्हा तीच. बारा अंकांत विषय संपला. आजही कोणाच्याही हातात बिनधास्त ठेवता येतं.

शिवाय नवख्या लेखकांसाठी आणि बारक्या पात्रांसाठी शंभर पानी मासिक. ब्रिटनमध्ये २००० एडी हे अशाच अनेक गोष्टींचं साप्ताहिक १९७७पासून चालू आहे, जपानात शोनेन जंप तर विचारूच नका. आणि पाच वर्षं विश्व पुसून पुन्हा मांडायचं नाही. १९८५च्या क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स या कथेने साठलेल्या समांतर विश्वांची सगळी साफसफाई केली म्हणतात. त्यानंतर झीरो अवर, इन्फिनिट क्रायसिस, फायनल क्रायसिस, फ्लॅशपॉइंट, रीबर्थ. आमच्या गल्लीतला रस्ताही इतक्यांदा खणला नसेल.

पिवळी पानं

नाइटविंग गॉथमला राहत नाही, ब्लडहेवनला राहतो. म्हणजे पहिली जागा इथेच मोकळी झाली. :)

आता गंभीर. मालिका कापल्या की कंपनी सुधारते, हा प्रयोग डीसीने १९७८ साली करून झालाय, आणि तोही नाइलाजाने. त्या उन्हाळ्यात पानं वाढवली, किंमत ३५ सेंटांवरून ५० केली, ‘डीसी एक्स्प्लोजन’ म्हणून ढोल पिटले. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांतल्या हिमवादळांनी अंक गाड्यांत आणि गोदामांत अडकले होते, खपाचे आकडे भीषण आले. काही आठवड्यांत दोन डझनांहून जास्त मालिकांवर कुऱ्हाड पडली. तयार पानांचं करायचं काय? ऑफिसातल्या मशिनवर झेरॉक्स काढून तीन डझनांच्या आसपास संच बांधले, हक्क शाबूत राहावेत म्हणून. नाव ठेवलं कॅन्सल्ड कॉमिक कॅव्हलकेड, म्हणजे रद्द कॉमिक्सची मिरवणूक. विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.

मुद्दा असा की त्या वेळी खुद्द डिटेक्टिव्ह कॉमिक्स बंद होणार होतं. ज्या मासिकावरून कंपनीला डीसी नाव पडलं, ज्याच्या २७व्या अंकात १९३९ साली बॅटमॅन आला, ते! वाचलं कशामुळे? बॅटमॅन फॅमिली नावाच्या मासिकाचा खप त्याच्यापेक्षा बरा होता, म्हणून दोन्ही एकत्र केली आणि नाव डिटेक्टिव्हचं ठेवलं. तुमच्या चारच्या नियमात पहिली गचांडी बॅटमॅन फॅमिलीलाच बसली असती.

चौथी भिंत

पिवळी पानं यांना +१.

रात्रपाळी, तुम्ही वाचक म्हणून बोलताय, गल्ल्यावर बसलेला माणूस तुमच्या हिशेबात नाही. अमेरिकेत मासिक अंक मुख्यतः कॉमिक्सच्या दुकानांतून जातात. दुकानदार दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवतो आणि उरलेला माल सहसा परत करता येत नाही. राहिला तर त्याच्या बोकांडी. म्हणून तो डोळे मिटून बॅटमॅन मागवतो आणि ब्लू बीटलसारख्या बारक्या नायकाचे मोजून तीन अंक, तेही कायमची तीन गिऱ्हाइकं आहेत म्हणून.

तुम्ही गॉथमच्या सहा मालिका काढल्यात तर ते पैसे ब्लू बीटलकडे वळतील असं वाटतं? ते मार्व्हलकडे जातील. फुटपाथवर जागा रिकामी दिसली की शेजारचा तिथे टपरी टाकतो, तसं.

आणि तुमच्याच यादीतलं शेवटचं नाव. ॲब्सोल्यूट बॅटमॅन, लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा, ऑक्टोबर २०२४. ब्रूसकडे (म्हणजे बॅटमॅनकडे) पैसा नाही, वाडा नाही, आई जिवंत आहे, आणि छातीवरचं वटवाघूळ उपटलं की त्याची कुऱ्हाड होते! त्या वर्षी सगळे ज्याबद्दल बोलत होते ते हेच. चारची मर्यादा असती तर हे संपादकाच्या टेबलावरच मेलं असतं.

रात्रपाळी

ॲब्सोल्यूट मी मोजत नाही. ते वेगळं विश्व आहे, त्याचा गल्ला वेगळा.

चौथी भिंत

वा! म्हणजे मर्यादेतून सुटायचं तर नवं विश्व काढायचं. अशीच विश्वं साठत गेली म्हणून १९८५ साली झाडू मारावा लागला ना?

रात्रपाळी

बरं, तो एक गुण तुमचा.

पण दुकानदाराचं म्हणाल तर ‘न्यू ५२’ घ्या. सप्टेंबर २०११, सगळं पुसून ५२ मालिका, प्रत्येकीचा अंक पहिला. धडाक्यात खपल्या, मान्य. जानेवारी २०१२मध्ये जाहीर झालं की सहा मालिका आठव्या अंकाला बंद: ब्लॅकहॉक्स, हॉक अँड डव्ह, मेन ऑफ वॉर, मिस्टर टेरिफिक, ओमॅक, स्टॅटिक शॉक. त्यांच्या जागी दुसऱ्या सहा, कारण आकडा ५२च हवा. वाचक यातून काय शिकला? जीव लावू नकोस, आठव्या अंकाला पोरगं गायब होणार आहे.

आठच अंक मिळणार हे लेखकाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याने आठ अंकांची गोष्ट लिहिली असती. मालिका मरते याचं मला दुःख नाही. वाक्य अर्धवट असताना मरते, याचं आहे. ओमेगा मेनचं २०१५ साली तेच झालं. सातव्यावर बंद म्हणाले, वाचकांनी बोंब मारली तेव्हा बारापर्यंत नेली. मग पहिल्यापासून बारा द्यायला काय होतं?

तिरकी रेघ

वाक्य पूर्ण व्हावं हे पटतं. पण वाक्य केवढं होणार हे लिहिण्याआधी ठरवणार कोण?

स्वॅम्प थिंग बंद पडायच्या बेताला आली होती तेव्हा २०व्या अंकापासून लेखक ॲलन मूर यांच्याकडे दिली, १९८४ साली. हरायला काही उरलं नव्हतं म्हणून माणसाला मोकळं सोडलं. त्यात ३७व्या अंकात एक विडीबाज, मळक्या कोटातला इंग्रज आला, जॉन कॉन्स्टंटाइन. पुढे त्याची स्वतःची मालिका निघाली आणि ती तीनशे अंक चालली. तुमच्या कारभारात ३७वा अंक उजाडलाच नसता.

दुसरं उदाहरण, ॲनिमल मॅन. ग्रँट मॉरिसन यांना चारच अंक दिले होते. चांगलं जमतंय म्हटल्यावर नियमित मालिका केली. जी. विलो विल्सन यांची पॉयझन आयव्ही, २०२२, तुमच्या डोळ्यांदेखतची: सहा अंक ठरले होते, मग बारा, मग कायमची. आणि तिला तुम्ही फिरत्या जागेवर बसवताय.

जेम्स रॉबिन्सन यांची स्टारमॅन ८० अंक चालली. तिच्यात ओपल सिटी नावाचं शहर हळूहळू मुरत जातं, गल्ल्या ओळखीच्या होतात. हे काम बारा अंकांत होत नाही. बारा अंकांत कथानक होतं.

खारेदाणे

शंभर पानी मासिकाबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी.

हेही करून झालंय. १९८८मध्ये ॲक्शन कॉमिक्स साप्ताहिक केलं. अंक ६०१पासून ग्रीन लँटर्न, डेडमॅन, ब्लॅकहॉक अशा बऱ्याच जणांच्या गोष्टी एकाच अंकात. आणि सुपरमॅन? ज्याच्यासाठी १९३८मध्ये हे मासिक निघालं त्याला आतमध्ये दोन पानं. दोन! लग्नाच्या पंगतीत यजमानाला शेवटी उरलासुरला भात वाढावा तसं. ६४२व्या अंकाला प्रयोग गुंडाळला, परत मासिक.

२००० एडीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. ते शाळेतल्या पोराच्या खाऊच्या पैशात, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मिळायचं. जज ड्रेड दुसऱ्याच अंकात आला आणि पोरं दर आठवड्याला त्याच्यासाठी यायला लागली. अमेरिकेत तो पेपरवालाच उरला नाही, तर मासिक कितीही जाडजूड काढा.

रात्रपाळी

पेपरवाला नसेल तर वॉलमार्ट आहे की. २०१८मध्ये तिथे पाच डॉलरच्या आत शंभर पानी अंक ठेवलेच होते, जुन्या गोष्टी आणि सोबत टॉम किंगसारख्यांच्या नव्या. २०२४पासून दहा डॉलरच्या आतली छोट्या आकाराची कॉम्पॅक्ट पुस्तकंही निघालीत. कंपनीला कळतंय की गिऱ्हाईक दुकानाबाहेर आहे. मासिक संचाची वेळ आली की मात्र विसरते.

पिवळी पानं

थोडं विषयांतर. आम्ही इंद्रजालवर वाढलेली माणसं (१९६४ ते १९९०, नवीन मंडळींसाठी). वेताळ कुठूनही वाचता यायचा. मागचा अंक हुकला म्हणून कोणी रडलं नाही.

मग नव्वदच्या दशकात फोर्टच्या फुटपाथवर सुपरमॅनचे सुट्टे अंक हाती लागले. चार वेगवेगळ्या मालिका, काही कळेना. घरी येऊन पसरले तेव्हा दिसलं की प्रत्येक मुखपृष्ठावर एक बारका त्रिकोण आहे, त्यात साल आणि क्रमांक. मालिकेचं नाव विसरा, त्रिकोणातल्या आकड्याप्रमाणे लावा, की चारही मिळून एकच साप्ताहिक गोष्ट होते. फरशीवर ओळीने मांडले तर मधले तीन नव्हते. पुढचे दोन रविवार ते तीन शोधण्यात गेले. एकच मिळाला.

तेव्हा रात्रपाळी, मालिका दहा आहेत हे दुखणं नाही. वाचायचा क्रम कोणी सांगत नाही, हे आहे. गॉथमच्या दहाच्या दहा राहू द्या. त्रिकोण छापा.

चौथी भिंत

त्रिकोण म्हणजे चारही विकत घ्या, असा प्रेमळ आदेश असतो. एक सोडला की तुमच्यासारखं फरशीवर भगदाड.

पिवळी पानं

भगदाड होतं म्हणूनच शोधत फिरलो ना!

रात्रपाळी

त्रिकोण मला आवडला. दहा मालिका आणि त्रिकोण, हे चार मालिकांपेक्षा बरं आहे का, यावर झोपून विचार करतो. चारचा हट्ट मागे घेतो, सहा म्हणू. पण ‘१२ पैकी ५’ सोडणार नाही. तिरकी रेघ, कॉन्स्टंटाइन हजारात एक निघतो. त्याच्या आशेवर बाकीच्यांना अनिश्चित काळ फरफटवायचं का?

तिरकी रेघ

तुमच्या नावाशेजारचं चित्र ब्लू बीटलचं आहे, मुखवट्यामागच्या हायमे रेयेसचं. म्हणून त्याचाच हिशेब मांडते. २००६ची मालिका ३६ अंक. २०११ची १६, अधिक शून्य क्रमांकाचा एक अंक. २०१६ची १८. २०२३ची १०. यातली तुम्ही कोणती पुन्हा काढून वाचता?

रात्रपाळी

पहिली.

तिरकी रेघ

आणि तिच्यातला कोणता अंक?

रात्रपाळी

कळलं कुठे नेताय ते. २६वा. २००८चा, जवळजवळ सगळा स्पॅनिशमध्ये. टेक्सासमधल्या एल पासोला घरात पाहुणे जमलेत आणि घरात बोलतात तशीच भाषा छापलीये, इंग्रजी मागच्या पानांवर. मी एका हाताने मागचं पान धरून दुसऱ्या हाताने पुढचं वाचला होता. माझ्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत.

तिरकी रेघ

१२ पैकी २६.

रात्रपाळी

ठीक आहे. कायमच्या दहा होत्या, गॉथमला सहा दिल्या म्हणून बारा. बीटल तेरावा. पण याच्यापुढे एकही नाही.

खारेदाणे

चौदावी जागा कॉन्स्टंटाइनला. अनुमोदन कोण देतंय?

पिवळी पानं

मी. आणि बॅटमॅन फॅमिली पंधरावी, जुने उपकार आहेत तिचे.