डॉ. बावस्करांचं संशोधन सायटेशनवर तोलायचं का?

रानवाट

एका मैत्रिणीला प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला तो एच-इंडेक्सचा. तुमच्या दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, असतील तर तुमचा एच-इंडेक्स दहा, असा हा हिशोब. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला आणि आता तो डॉक्टरांच्या नेमणुकांपर्यंत येऊन पोचलाय. मैत्रीण नवजात बाळांवर काम करते. तिचे पेपर कशावर आहेत, त्यातून वॉर्डात काय बदललं, हे मुलाखत संपेपर्यंत कुणी विचारलं नाही.

डॉक्टरने केलेल्या संशोधनाची किंमत सायटेशनच्या आकड्यावरून ठरवणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ते पटवायला मला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांपलीकडे जायची गरज वाटत नाही.

१९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात लाल विंचू चावलेलं पोर दवाखान्यात कसं येतं, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आधी ओकाऱ्या. मग अंगभर घाम, हातपाय गार पडलेले, नाडी धडधडतेय. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता. काही तासांत धाप लागते, छातीत घरघर सुरू होते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो, म्हणजे फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. त्या काळी गंभीर दंशाच्या दर दहा रुग्णांतले तीन-चार जात. बावस्करांनी खाटेशी बसून तासातासाचा रक्तदाब, नाडी, लक्षणं लिहून काढली. पुढे हृदयावर परिणाम होणार हे कोणत्या सुरुवातीच्या लक्षणांवरून ओळखायचं, याबद्दलचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला.

हे विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवतं. त्यामुळे ॲड्रेनालीनसारख्या रसायनांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकतं. प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी. ती नेमके अल्फा रिसेप्टर, म्हणजे ही रसायनं रक्तवाहिन्यांवर जिथे काम करतात ती ठिकाणं, अडवते, म्हणजे जिथे घाव बसतोय तिथेच काम करते. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. गोळी वेळेत देण्याची पद्धत पडली तसं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं.

आता सांगा, विंचूदंशावर लिहिणारे जगात किती? मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया, इराण, इस्रायल आणि आपण. कॅन्सरवरच्या एखाद्या मध्यम दर्जाच्या पेपरला जितके लोक वर्षभरात उद्धृत करतात, तितके संशोधक या विषयात असतील की नाही शंका आहे. ज्यांना विंचू चावतो ते पेपर लिहीत नाहीत. मग या माणसाचं काम तुमच्या तराजूत हलकंच ठरणार.

कातळशिल्प

रानवाट, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. बावस्करांचं काम आज तुम्हाला-मला माहीत आहे, ते त्यांनी छापलं म्हणून, आणि तेही जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेखाली जाईल अशा ठिकाणी छापलं म्हणून. कोकणात, मराठवाड्यात कितीतरी डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यात मोलाचं काही पाहिलं असेल. ते लिहिलं नाही, त्यांच्याबरोबरच गेलं.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. आकडे येण्याआधीच्या मुलाखती मी पाहिल्या आहेत. कुणाचा माणूस कोण, कुणाच्या हाताखाली कोण होता, कुठून फोन आला, यावर नेमणुका व्हायच्या. आडगावच्या, ओळखपाळख नसलेल्या उमेदवाराला आकड्याचा आधार वाटतो. तो काढून घेतलात तर फायदा कुणाचा होईल?

आणि आपलं खरं दुखणं वेगळं आहे. २००५ ते २०१४ या काळात भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी काय छापलं, हे सर गंगाराम रुग्णालयाच्या डॉ. समीरन नंदी यांनी सहकाऱ्यांसह तपासलं. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही पेपर नव्हता. फक्त २५ संस्थांनी देशातलं ४० टक्के संशोधन छापलं. जिथे शून्य आहे तिथे 'मोजू नका' म्हणणं मला पटत नाही.

कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांचीही आठवण करून देतो. कॉलऱ्याचे जंतू विष तयार करतात हे त्यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं. हयातीत त्यांना भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने सभासद करून घेतलं नाही. ते गेले १९८५ मध्ये. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या कामाचा ठसा कुणी मांडून दाखवला? युजीन गारफिल्ड यांनी, ज्यांनी सायटेशन इंडेक्स उभा केला. सायटेशनचीच आकडेवारी घेऊन. आपल्या ज्येष्ठांना जे दिसलं नाही ते मोजणीने दाखवलं.

सांजवेळ

कातळशिल्प सर, डे यांचा मुद्दा मान्य. पण आकड्याने वशिला गेला, हे मला मान्य नाही. त्याने फक्त जागा बदलली.

मी निवासी डॉक्टर आहे. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने बढतीसाठी पेपरची अट कडक केली आणि पहिल्या दोन लेखकांतच नाव हवं असं ठरवलं. त्यानंतर काय झालं ते वॉर्डात विचारा. रुग्णांच्या फायली आम्ही चाळायच्या, एक्सेल आम्ही भरायची, रात्रपाळी संपल्यावर मसुदा लिहायचा, आणि पहिल्या दोन नावांत कोण येणार हे आधीच ठरलेलं. वर छपाईचे पैसेही आमच्याच विद्यावेतनातून. पैसे भरले की आठवड्यात 'स्वीकारला' अशी मेल येते. परीक्षकाचा एक प्रश्नसुद्धा नसतो.

पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं की विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य यादीत गेलेल्या ज्या १००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यातली ८८ टक्के निकषात बसत नव्हती. ही नियतकालिकं कुणाच्या गरजेतून जन्मली?

तळमजला

संख्याशास्त्र हा माझा विषय, म्हणून आकड्यात नेमकं काय मोजलं जातं तेवढंच सांगतो.

सायटेशन म्हणजे 'याचा उल्लेख झाला'. उल्लेख का झाला, ते आकडा सांगत नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला पेपर घ्या. १२ मुलांवरून त्यांनी एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवला, आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. त्याला हजाराहून जास्त सायटेशन्स आहेत, बहुतेक तो खोडून काढणाऱ्यांची. एच-इंडेक्सला याचा पत्ता नसतो.

दुसरं, इम्पॅक्ट फॅक्टर. एका नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. ज्या नियतकालिकाचा आकडा कायम सगळ्यांच्या वर असतो, ते अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं आहे, कारण दरवर्षीची कॅन्सरची आकडेवारी तिथे छापली जाते आणि जगभरचे लेखक पहिल्या परिच्छेदात तीच देतात. त्यावरून तिथल्या इतर लेखांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पण रानवाट, तुमचा 'विषय छोटा' हा आक्षेप उत्तर नसलेला नाही. एका विषयातल्या, एकाच वर्षातल्या पेपरांशीच तुलना करायची पद्धत आहे. विंचवाची तुलना विंचवाशी केली तर बावस्कर पहिल्या रांगेतच दिसतील.

घाटरस्ता

मला वेगळी भीती वाटते. 'मी रुग्ण वाचवले, आकडे कशाला' हे वाक्य बावस्करांच्या तोंडी शोभेल. उद्या तेच वाक्य प्रत्येक चमत्कारी उपचारवाला म्हणेल. विंचूदंशावर आपल्याच देशात इन्सुलिनचा उपचारही मांडला गेला होता, कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरचं दुसरं औषधही वापरून झालं. प्रत्येकाकडे बरे झालेले रुग्ण होते. कोणाचं खरं, हे ठरलं ते एकमेकांचे पेपर वाचून, खोडून, पुन्हा तपासून. सायटेशन म्हणजे त्या भांडणाचा कागदावर राहिलेला माग आहे.

खुद्द बावस्करांनाही प्राझोसिनवर थांबता आलं नाही. २०११ मध्ये त्यांनी 'बीएमजे'मध्ये ७० रुग्णांची चाचणी छापली. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि हाफकिनचं विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविषवाल्यांत ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ८. म्हणजे आपल्याच जुन्या उपचारापेक्षा चांगला उपचार आहे, हे त्यांनी स्वतः दाखवलं. नुसत्या अनुभवावर विसंबले असते तर हे झालं असतं का?

रानवाट

घाटरस्ता, त्या चाचणीबद्दल तुमच्याइतकाच मलाही आदर आहे. पण तिथे मोजले ते रुग्ण. दहा तासांत किती बरे झाले, हे मोजलं. माझा विरोध मोजण्याला कधीच नव्हता. पेपर छापल्यावर तो किती लेखकांनी उल्लेखला, या मोजणीवर डॉक्टरची लायकी ठरवण्याला आहे. दोन्ही आकडेच, म्हणून दोन्ही एका पारड्यात घालू नका.

कातळशिल्प, 'छापलं म्हणून कळलं' हे मी पूर्ण मान्य करते. छापलंच पाहिजे. पण कुठे छापलं यावरून कामाची उंची ठरते का? गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात होते. ज्या बाईचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडतो, तिच्या गर्भाशयाच्या मुखाला टाका घालून गर्भ टिकवायची शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये मांडली ती मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत 'शिरोडकर स्टिच' म्हणतात. त्यातल्या किती जणींनी, अगदी किती डॉक्टरांनी तो मूळ लेख पाहिला असेल? काम इतकं अंगवळणी पडलं की उल्लेख करायची गरजच उरली नाही. तुमच्या समितीपुढे हा माणूस 'अँटिसेप्टिक'मधला एक लेख घेऊन आला असता, तर त्याला किती गुण दिले असते?

कातळशिल्प

कमी दिले असते, हे खरं. आणि ते चुकीचं ठरलं असतं, हेही खरं.

पण शिरोडकर शंभर वर्षांतून एखादे होतात. समितीपुढे येतात ते आमच्यासारखे. त्यांच्यात फरक करायला काहीतरी धरून चालावं लागतं. तुम्ही म्हणाल, पेपर वाचा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जो जाहीरनामा निघाला तोही तेच म्हणतो, की नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस तोलू नका, काम बघा. समितीत एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक प्रशासक, एक बाहेरचे प्राध्यापक. सकाळपासून चाळीस उमेदवार. तुमच्या मैत्रिणीचा नवजात बाळांवरचा पेपर त्यांच्यातलं कोण वाचणार, आणि वाचून त्यांना काय कळणार?

सांजवेळ

सर, मग त्या विषयातला माणूस समितीत बसवा ना. उमेदवाराने आपले तीन पेपर निवडून द्यावेत, प्रत्येकात स्वतः काय केलं ते चार ओळींत लिहावं, आणि विषयतज्ज्ञाने मुलाखतीआधी ते वाचून त्यावरच प्रश्न विचारावेत. ज्याने फक्त नाव घातलंय तो पाच मिनिटांत उघडा पडेल. एच-इंडेक्स कागदावर राहू दे, पण पहिला प्रश्न त्याचा नको.

रानवाट

याला माझा दुजोरा. त्यात एक भर घालते. त्या कामामुळे कुठल्या उपचारपद्धतीत बदल झाला, हाही रकाना हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हा पेपर १९९९ चा. २०११ पासून आशाताई देशभर घरोघर जाऊन तेच काम करतात. ही नोंद एच-इंडेक्सच्या कुठल्याच खान्यात बसत नाही.

कातळशिल्प

तीन पेपर आणि विषयतज्ज्ञ, हे जमण्यासारखं आहे. आमच्या पुढच्या विभागीय बैठकीत मी ते लेखी मांडतो. पण तज्ज्ञ उमेदवाराच्याच गुरूंपैकी निघाला तर काय, हा माझा प्रश्न तुम्ही दोघींनी अजून टाळलेला आहे.