धाप ओसरायला किती वेळ लागतो? (सीएफवाल्यांचे अनुभव)

मनवाची_आई
काल सोसायटीची लिफ्ट बंद. शेजारचा मुलगा तीन मजले पळत चढला आणि दारातच गप्पा मारायला लागला. मला आमचा जुना जिना आठवला. मनवाला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे जन्मजात आजार, फुप्फुसात घट्ट कफ साचतो. तीही हट्टानं चढायची, पण वर आली की गुडघ्यांवर हात टेकून उभी. मी घड्याळ बघत. फिजिओताईंनी सांगितलेलं, किती चढली ते सोडा, नाडी जाग्यावर यायला किती मिनिटं लागली ते लिहा. एरवी तीनेक मिनिटं. छातीत इन्फेक्शन यायचं असलं की ताप-खोकल्याआधीच सात-आठ व्हायची. ती वही अजून ठेवलीय. तुम्हाला कशावरून कळतं?

नाशिककर_बाबा
बोटाचं ऑक्सिमीटर. पोराचा एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) ४८ टक्के. खाली ऑक्सिजन ९५, वर पोचला की ८८, मग बसून हळूहळू वर. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस जितकं खराब तितकं सावरायला उशीर. कुकर लावलाय, येतो परत.

रेवा_लेस्टर
मी स्वतः सीएफवाली, वय ३४. दोन्ही जीन एफ५०८डेल, म्हणजे सीएफमधला सगळ्यात जास्त आढळणारा जनुकदोष. २०२० मध्ये इथे इंग्लंडमध्ये एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवा) काफ्ट्रिओ मिळायला लागलं, सीएफच्या मुळावरच काम करणारं औषध. पहिल्या गोळीनंतर काही तासांतच कफ सुटला, दिवसभर नुसता कफ! आधी बस पकडायला धावले तर दोन स्टॉप जाईपर्यंत तोंडातून शब्द फुटायचा नाही. आता चढ चढताना आईशी फोनवर बोलते. तिला खरंच वाटेना.

सागर७
रेवाताई, फार बरं वाटलं वाचून. आम्हाला त्या गोळ्या परवडणं शक्य नाही. इथे ३ टक्के सलाइन आणि छाती थोपटणं, रोज दोनदा.

ओवीचा_बाबा
आमच्या ओवीला चार वर्षं दमा म्हणून पंप दिले. शेवटी आजी म्हणाली, हिचा पापा घेतला की खारट लागतो. घामाची टेस्ट केली, क्लोराइड (घामातलं मीठ) ९६. साठच्या वर सीएफ धरतात. आता खेळून आली की आधी मीठ-साखर-पाणी. उन्हाळ्यात तर सोडतच नाही.

सागर७
नेब्युलायझरचा कप रोज उकळता का कुणी?

ओवीचा_बाबा
रोज. आणि पूर्ण वाळवायचा हो, ओल राहिली की सुडोमोनासची (फुप्फुसात घर करणारा जंतू) भीती.

अनिकेत_क
माझा भाऊ गेला २०११ मध्ये. धाप लागली की आम्ही बॅट काढून घ्यायचो. अंपायर व्हायचा मग. तुमचं वाचून वाटतंय, खेळू द्यायला हवं होतं.

मनवाची_आई
अनिकेत, तेव्हा आम्हालाही हेच सांगायचे, जपा, पळू देऊ नका. तुम्ही मायेनंच केलंत. त्याच्याबद्दल अजून लिहा ना, जमेल तेव्हा.

रेवा_लेस्टर
मनवा आता कशी आहे?

मनवाची_आई
१९ ची झाली. पुण्यात होस्टेलला, तिसऱ्या मजल्यावर. रोज रात्री मिनिटांचा मेसेज येतो.

नाशिककर_बाबा
आलो. पोराची आज साडेचार मिनिटं. परवा सहा होती.